सव्वा महिना कोणाच्या भरवशावर?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी 'डूला' या व्यवसायावर लेख आला होता. बाळंतपणानंतर घरी येऊन आई-बाळाची देखभाल करणाऱ्या शिकलेल्या मुली, त्यांची पॅकेजं, बाणेर-हिंजवडीकडे वाढलेली मागणी वगैरे. लेख बरा होता. पण त्यावर नंतर जी पत्रं छापून आली ती वाचून राहवलं नाही. एका आजोबांचं म्हणणं, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. एका ताईंनी लिहिलं, आमच्या घरात इतकी बाळंतपणं झाली, कधी बाई ठेवावी लागली नाही.

बाई ठेवली नव्हती, खरं आहे. पण आजेसासू बाळाला पायावर घेत होती, जाऊ भाकऱ्या थापत होती, नणंद लंगोट धूत होती आणि सुईण रोज सकाळी तेल कोमट करत होती. सुईणीला शेवटी खण-नारळ, लुगडं आणि थोडं धान्य मिळायचं. बाकीच्यांचा पगार कोणी मांडलाच नाही, म्हणून बाळंतपण फुकटात पार पडलं असं वाटतं.

मी चिंचवडला राहते आणि याच कामावर माझं घर चालतं. माझ्या सासूबाई जुन्नर तालुक्यात सुईणपण करायच्या, हात त्यांच्याकडून आला. पुढे एका प्रसूतिगृहात आया म्हणून बरीच वर्षं काढली. तिथे बाळाला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात कसे धुवायचे ते शिकले, आणि कोणत्या बाईला तातडीने डॉक्टरकडे न्यायचं हेही. 2020 च्या टाळेबंदीत आज्या गावाकडे अडकल्या, सोसायट्यांनी मालिशवाल्यांना गेट बंद केलं आणि मला फोन यायला लागले. फोन बहुतेक बाळाच्या बापाचे. "मावशी, व्हिडिओवर सांगता का, अंघोळ कशी घालायची?" त्यातून काम वाढत गेलं. आता आम्ही आठ जणी मिळून बचत गटासारखं चालवतो. लेखातल्या मुलींना डूला म्हणतात, आम्हाला मावशी. त्यांच्याशी माझं भांडण नाही. उलट त्यांनी पैसे उघडपणे सांगायची सवय लावली हे फार बरं केलं.

आता मुद्द्याचं. नॉर्मल असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात, सिझर असेल तर चौथ्या-पाचव्या. हातात फाईल, गोळ्यांची पिशवी आणि 'आठवड्याने टाके दाखवा, मग सहा आठवड्यांनी या' एवढी सूचना. या दोन तारखांच्या मध्ये जे काही होतं ते घरात होतं, आणि घरात हल्ली दोनच माणसं असतात. तिसरं रडत असतं. दूध भरून येतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. बाळाची कावीळ दिसायला लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. आईचा ताप, टाक्यांतला पू, अंगावरून जास्त जाणं, बीपी वाढून डोकं दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी येणं, हेही पुष्कळदा घरी आल्यावरच उपटतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितलंय की पहिले चोवीस तास दवाखान्यात ठेवावं आणि नंतर किमान तीनदा तरी आई-बाळाला तपासावं: 48 ते 72 तासांत, मग 7 ते 14 दिवसांत, मग सहाव्या आठवड्यात. पहिल्या दोन तपासण्या आमच्या भागातल्या किती बाळंतिणींच्या होतात ते मी रोज बघते. बाळाला लसीला नेलं तर डॉक्टर बाळाला बघतात. आई बाकावर बसलेली असते.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. 39 गावांमधला नवजात मृत्यूचा दर हजारी 62 होता, तो काही वर्षांत 25 च्या आसपास आला. 1999 साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 पासून देशभरच्या आशाताई तेच करतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट. वजन, ताप, श्वास, दूध ओढतंय का, सगळं बघायचं. या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला अडीचशे रुपये. ते ऐकून चोचले म्हणणाऱ्या आजोबांनी जरा विचार करावा.

पण शहरात आशाताई मुख्यतः वस्त्यांसाठी असतात. समोरच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर जी बाळंतीण आहे तिच्याकडे कोणी जात नाही. तिच्याकडे पैसे आहेत, म्हणजे माणसंही असतील असं सगळ्यांनी धरून चालायचं. वस्तीतल्या बाईला निदान शेजारीण तरी दार न वाजवता आत येते. टॉवरमध्ये गेटवरच्या अॅपवर 'आत सोडू का?' असा निरोप येतो, आणि फोन बाळाच्या रडण्यात कुठेतरी गादीखाली असतो.

पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत कागदावर अजून आहे. प्रत्यक्षात मुलीचं नाव घातलेलं असतं नोकरीच्या गावातल्या दवाखान्यात. आई लातूरला शाळेत शिकवते, निवृत्तीला चार वर्षं आहेत, तिला पंधरा दिवस रजा. सासूबाईंचं वय बासष्ट, गुडघे गेलेले. त्या येतात, मनापासून येतात, पण त्या फ्लॅटमध्ये त्या पाहुण्याच असतात. हिंग कुठल्या डब्यात आहे हे त्यांना मुलाला किंवा सुनेला विचारावं लागतं. मग डिंकाचे लाडू गावाहून डब्यातून येतात आणि रोजची बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर कोण करणार यावर दोन विहिणींमध्ये गोड बोलून शीतयुद्ध चालू होतं. जावई खाली जाऊन इडली घेऊन येतो.

आम्ही काय करतो ते सविस्तर लिहिते, कारण 'मालिशवाली' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त तेलाची वाटी येते.

सकाळी गेल्यावर मी आधी बाळाकडे जात नाही. सगळं घर बाळाकडेच बघत असतं, मी आईला विचारते. रात्री सलग किती झोप झाली? पॅड किती बदलले? लघवीला आग होते का, शौचाला झाली का? ताप वाटतोय का? पॅड तासाभरात पूर्ण भिजत असेल तर मालिश राहिली बाजूला, आधी दवाखाना. एका पोटरीला सूज असेल, ती गरम आणि दुखरी लागत असेल तर तिथे तेलाचा हात लावायचा नाही, रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळून सुटली आणि फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. हे आमच्या गटातल्या नव्या मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगते, दर महिन्याला परत सांगते. सिझरच्या पोटाला डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय हात नाही. टाक्यांवर तेल नाही, हळद नाही, कुणाच्या मामेबहिणीने सांगितलेला लेप तर नाहीच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात. त्या पर्सच्या कप्प्यात तशाच पडलेल्या असतात, त्या काढून पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवते. आणि पाणी. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं हे कुठून आलंय देव जाणे. दूध पाजणारी बाई तहानेने कासावीस झालेली असते आणि घरातले म्हणतात बाळाला सर्दी होईल.

मग दूध. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मावशी नुसत्या पलंगावर बसल्यात. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड गेलं आणि भोवतालचा काळा भाग बाहेर राहिला की चिरा पडतात. मग पाजायची वेळ झाली की आईच्या डोळ्यांत आधीच पाणी. तिच्या पाठीला उशी, बाळाचं पोट तिच्या पोटाला लागलेलं, बाळाचं डोकं आणि पाठ एका रेषेत. वरच्या ओठाला बोंड लावून थांबायचं. घाई नाही. बाळ जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडतं, त्या क्षणी बाळाला छातीकडे घ्यायचं. छाती बाळाकडे न्यायची नाही, त्याने तिची पाठ वाकते. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, गाल फुगलेले राहिले आणि गिळल्याचा बारीक आवाज आला की बसलं. मागच्या श्रावणात रावेतच्या एका घरी हे बसायला चार दिवस लागले. तोवर सासूबाईंनी पावडरचा डबा फोडून ओट्यावर ठेवला होता. त्यांचा जीव तुटत होता, त्यांना काय बोलणार? मी त्यांना एक वही दिली आणि म्हटलं, आजी, एक काम तुमच्याकडे, बाळाने किती वेळा लंगोट ओला केला ते चोवीस तास लिहायचं. पाचव्या दिवसानंतर सहा तरी ओले झाले आणि वजन चढायला लागलं तर दूध पुरतंय. आजींनी रेघा ओढल्या. आठ निघाल्या. डबा मागे गेला. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत बहुधा भरून येतं, हे कोणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून घरातले घाबरतात. वजन खरंच कमी पडत असेल तर डॉक्टर सांगतील ते वरचं दूध द्यायचं, त्यात कमीपणा नाही. पण ते डॉक्टरने ठरवायचं. शेजारच्या काकूंनी ठरवायचं नाही.

बाळाची अंघोळ ही आमच्या हाताची खरी कसोटी. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळ नडगीवर पालथं, तोंड बाजूला, नाक मोकळं. पाणी आधी स्वतःच्या कोपराला लावून बघायचं. तेलाचा हात अंगाला हलकाच. पूर्वी बाया बाळाला पायाला धरून उलटं करायच्या, नाक ओढायच्या, डोक्याला 'आकार' द्यायच्या, बाळाच्या छातीतून चीक पिळून काढायच्या. आमच्या गटात यातलं काहीही केलं की त्या बाईचं काम बंद. नाका-कानात तेल नाही. नाळ पडेपर्यंत पुसून काढायचं, नाळेवर काहीही लावायचं नाही. बाळ दूध ओढेना, गार लागायला लागलं, निपचित पडलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत उतरला तर कोवळं ऊन दाखवत बसायचं नाही, रिक्षा करायची.

मी जुन्याच्या विरोधात नाही. मी जुन्यावरच जगते. ओवा-बाळंतशोपा, मेथीचे लाडू, दुपारची सक्तीची झोप, सव्वा महिना बाईला ओट्यापासून लांब ठेवणं, यातलं काही सोडू नये. शेक-शेगडीचं मात्र नीट बघायला हवं. कौलारू घरात धुराला वर जायला फटी होत्या. इथे सरकत्या काचा घट्ट लावून एसीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात, धूर ओसरला की बरं वाटतं आणि वास नसलेला वायू मागे राहतो. त्याने झोपेत माणूस जातो. शेकायचं तर गरम पाण्याची पिशवी आहे. गुटीचंही तेच. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पण कोल्हापूरहून खास आणलेली सहाण आणि वेखंड-मायफळाची पुडी मी फेकून दिली तर उद्या मला दारात उभं करणार नाहीत. म्हणून म्हणते, आजी, धुवून पुसून ठेवा, सातव्या महिन्यात डॉक्टरांना विचारून बघू. काजळाची तीट तळपायाला लावा. डोळ्यांत नको, नजर तिथूनही अडते.

आता गटाबद्दल, कारण काही वाचक असं काही सुरू करू पाहत असतील. आमचा दर लपवत नाही: आई आणि बाळ दोघांची मालिश-अंघोळ दिवसाला 700 रुपये, आठ तास थांबायचं तर 1,000, रात्रपाळी 1,200. वस्तीतल्या घरी अर्धा दर. काम सुरू होण्याआधी एक पानभर मराठीत लिहून दोघांच्या सह्या घेतो. आम्ही काय करू, काय करणार नाही. बाळंतिणीचा स्वयंपाक करू, पाहुण्यांचा नाही. बाळाचे कपडे धुऊ, फरशी नाही. आठवड्यातून एक सुट्टी, त्या दिवशी गटातली दुसरी येईल. सर्दी-खोकला असेल तर आम्ही येणार नाही आणि त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. हे शेवटचं कलम मान्य करून घ्यायला सगळ्यात जास्त वाद झाले. लोकांना आजारी बाई बाळाजवळ नको असते आणि पैसेही कापायचे असतात. तारीख पुढे-मागे होणं हा आणखी एक घोळ. डॉक्टरने दिलेली तारीख म्हणजे लग्नाचा मुहूर्त नव्हे, म्हणून प्रत्येक बाळंतिणीमागे एक मोकळी बाई राखून ठेवावी लागते, आणि तिचे रिकामे दिवस कोणी भरून द्यायचे हा हिशेब आम्ही गटाच्या पेटीतून सोडवतो. दिवसाच्या प्रत्येक शंभरातले दहा पेटीत. कमिशनवर बाया पुरवणाऱ्या एका एजन्सीकडे आमच्यातल्या दोघी आधी होत्या, तिथे पहिल्या महिन्याचा निम्मा पगार एजन्सीच ठेवायची.

काही घरी फोनवर पहिला प्रश्न असतो, "मावशी, तुमचं आडनाव काय?" आम्ही सांगतो, आडनाव पावतीवर येईल. काही सोसायट्यांमध्ये आमच्यासाठी मागची लिफ्ट. बाळाला कुशीत घेऊन लसीला जाताना पुढच्या लिफ्टने जायचं, परत एकटीने येताना मागच्या. मला याची चीड येते, पण कामाच्या पहिल्या दिवशी मी भांडत नाही. दहाव्या दिवशी बाळंतीणच भांडते.

आमच्या गटातल्या एकीचं स्वतःचं बाळंतपण झालं, तेव्हा ती दीड महिन्यात कामावर परतली. दुसऱ्याच्या बाळाला पाजायचं कसं ते शिकवायची, आणि दुपारी बाथरूममध्ये जाऊन स्वतःचं दूध पिळून टाकून द्यायची. 2017 च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे, पण तो कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागू. आम्ही कुठल्या ठिकाणच्या? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे, आम्ही सगळ्यांनी नोंदणीसाठी कागद दिलेत. नोंदणीच्या अर्जात कामाच्या प्रकारात धुणं-भांडी, स्वयंपाक लिहून झालं, आमच्या कामासाठी काय लिहावं हे खिडकीवरच्या माणसालाही सुचेना. 'इतर' लिहिलं.

एक गोष्ट मात्र लेखात अजिबात नव्हती आणि तिच्यासाठीच मी लिहायला बसले. काही बाया दहाव्या-बाराव्या दिवसानंतर बोलायच्या बंद होतात. सुरुवातीला रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. जे निवळत नाही ते वेगळं. थेरगावला एक शिकलेली मुलगी होती, मोठ्या पगाराची. बाळ झोपलं तरी ही जागी. मी केसांना तेल लावत असताना शांतपणे म्हणाली, "मावशी, याला माझ्यापेक्षा तुम्हीच बरं सांभाळता. मी नसले तरी चालेल." सासर म्हणत होतं नजर लागली, माहेर म्हणत होतं सवय होईल. मी तिच्या नवऱ्याला गॅलरीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं, आज संध्याकाळी डॉक्टरकडे, उद्या नाही, आणि तोवर हिला एकटीला ठेवायचं नाही. तिला औषधं दिली, दूध पाजत असताना चालतील अशी. वर्षभराने ती मला रस्त्यात भेटली, बाळ कडेवर होतं, भाजीवाल्याशी घासाघीस चालली होती.

शेजारच्या गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींची पाहणी केली होती, 2002 साली ती प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के बायकांमध्ये नैराश्य आढळलं. नवऱ्याची मारझोड आणि हाताशी पैसा नसणं ही त्यामागची कारणं होतीच, शिवाय मुलगी झाली की धोका आणखी वाढत होता. आपल्याकडे बारशाला पेढे की जिलेबी यावरून चेहरे कसे पडतात ते मी पाहिलंय. यासाठी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली 1987 पासून जगभर वापरतात, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते. पाच-दहा मिनिटांचं काम. लसीच्या रांगेत बसलेल्या आईला कोणी ती का देत नाही? आणि ज्या घरात कोणाला सांगायची सोय नाही तिथल्या बाईसाठी सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416, चोवीस तास, मराठीत बोलतात. हा नंबर मी गोळ्यांच्या पिशवीवर पेनाने लिहून देते.

माझ्या एका बाळंतिणीची बहीण नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. तिथे बाळंतपणानंतर पहिल्या आठ-दहा दिवसांत प्रशिक्षित बाई घरी येते, आई-बाळाचा ताप बघते, बाळाचं वजन करते, पाजायला शिकवते, वहीत लिहून ठेवते, घरातलं हलकं कामही करते. किमान 24 तास, गरज असेल तर 80 तासांपर्यंत. पैसे आरोग्य विम्यातून, थोडा वाटा घरचे भरतात. ती मुलगी फोनवर म्हणाली, मावशी, तुमच्यासारखीच आहे, फक्त शेपू करत नाही. मला हेवा वाटला तो त्या वहीचा. ती वही पुढे डॉक्टर वाचतात. आमच्या वह्या रद्दीत जातात.

म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागाला माझी मागणी आहे. मालिशवाल्या बाया प्रत्येक प्रसूतिगृहाच्या वॉचमनला माहीत असतात, त्यांची यादी करायला महिना पुरेल. पालिकेच्या दवाखान्यांमध्ये रोज दुपारी दोन तास, पंधरा दिवस, त्यांना नर्सबाईंनी शिकवावं: हात धुणं, धोक्याच्या खुणा, पाजणं, कावीळ, आईचं मन. शेवटी तोंडी परीक्षा आणि फोटोचं ओळखपत्र, जे गेटवर दाखवता येईल. घरी सोडताना फाईलमध्ये एक मराठी पान घालावं, मोठ्या अक्षरात, कधी न थांबता दवाखाना गाठायचा ते लिहिलेलं, आणि ते पान आजीला वाचून दाखवावं, नवऱ्याला नुसतं सहीपुरतं देऊ नये. आशाताईंच्या भेटी सोसायट्यांमध्येही सुरू कराव्यात, आणि त्यासाठी त्यांना अडीचशेत राबवू नये.

बापांबद्दल एकच. केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवस रजा मिळते, खासगीत मालकाच्या मर्जीवर. पण ज्याला रजा मिळते तोही पहिल्या आठवड्यात दुसऱ्या खोलीत झोपतो, "उद्या मीटिंग आहे" म्हणून. रात्री दोनला ढेकर काढायला बाप लागतो. मी शिकवते, वेगळे पैसे घेत नाही.

आणि घरच्यांना. बारशाच्या हॉलला, फुग्यांच्या कमानीला, फोटोवाल्याला ठरलेली रक्कम न कुरकुरता जाते. मला चाळीस दिवसांचे अठ्ठावीस हजार सांगितले की "मावशी, जरा कमी करा" होतं. फुगे कमी करा.

पत्राखाली माझं नाव आणि नंबर छापू नये ही विनंती. गटाच्या तारखा दिवाळीपर्यंत भरल्या आहेत, आणि फोनवर बाळंतिणीला नाही म्हणणं फार जिवावर येतं.

आपली,
एक बाळंतपणाची मावशी,
चिंचवड, पुणे